क्विक म्हणजे जिवंत

ज्यांना पाऊण तास ऐकायला वेळ मिळत नाही त्यांच्यासाठी ही आजच्या एपिसोडची लिखित आवृत्ती. बोलताना मी दोन-तीनदा अडखळलो होतो, तेवढं काढून टाकलंय. बाकी जवळपास तसंच आहे.

सुरुवात कुठून झाली ते आधी सांगतो. १ जुलै २०२४ ला आपल्याकडे भारतीय दंड संहिता गेली आणि भारतीय न्याय संहिता आली. ऑफिसमध्ये जेवताना त्यावरून जोरदार वाद झाला. नेहमीप्रमाणे कोणीच मूळ कायदा वाचलेला नव्हता. मी म्हटलं, चला, आपण तरी वाचू. घरी जाताना लोकलमध्ये उभ्याउभ्या फोनवर पीडीएफ उघडली आणि स्क्रोल करत करत कलम ८८ वर आलो. विषय गर्भपाताचा. गर्भवती बाईचा गर्भपात तिचा जीव वाचवण्यासाठी नसताना मुद्दाम घडवून आणला, तर तीन वर्षांपर्यंत शिक्षा. आणि ती बाई जर "क्विक विथ चाइल्ड" असेल, तर सात वर्षांपर्यंत.

क्विक?

मी ती ओळ चार वेळा वाचली. पहिल्यांदा वाटलं टायपिंगची चूक असेल. दहा मिनिटांत कांदे-बटाटे आणून देणारी ती क्विक डिलिव्हरी आपल्याला माहीत. बीटेकला तीनदा लिहिलेला क्विकसॉर्ट माहीत. पण बाई क्विक म्हणजे काय? घाईत असलेली? आणि घाईत असल्याबद्दल चार वर्षं जास्त?

तर मंडळी, चूक नव्हती. तो शब्द तिथे १८६० पासून बसलेला आहे. आणि त्याचा अर्थ "लवकर" नाही, "जिवंत" आहे. आज आपण ह्याच विशेषणाची गोष्ट बघणार आहोत.

हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडमध्ये, म्हणजे जुन्या इंग्रजीच्या काळात, हा शब्द सी-डब्ल्यू-आय-सी असा लिहायचे. उच्चार क्विकच. ते क्यू-यू वगैरे नंतर नॉर्मन लेखनिकांनी आणलं. तेव्हा या शब्दाला वेगाशी काही देणंघेणं नव्हतं. जो मेलेला नाही तो क्विक, इतका सरळ हिशोब. जुन्या इंग्रजीत गुराढोरांसाठी एक शब्द होता, त्याचा शब्दशः अर्थ "क्विक मालमत्ता", म्हणजे जिवंत धन. हे वाचल्यावर मला एकदम गाव आठवलं. आपल्याकडे गुरांना काय म्हणतात? जितराब! "जितराबाला पाणी दाखवलं का?" त्यातलं ते "जित" म्हणजे जितं, जिवंत. सोनंनाणं, भांडीकुंडी ही मेलेली मालमत्ता, आणि गाय-बैल ही जिती मालमत्ता. दोन शेतकरी समाज, मध्ये हजारो मैल अंतर, आणि डोक्यातली वर्गवारी सेम.

जिवंत हा अर्थ आज इंग्रजीत सुटा उरलेला नाही, पण जोडशब्दांमध्ये तो अडकून राहिलाय. पाऱ्याला इंग्रजीत क्विकसिल्व्हर म्हणतात. आपल्याला वाटतं तो पटकन पळतो म्हणून असेल. खरं तर ते लॅटिनमधल्या "जिवंत चांदी" या नावाचं भाषांतर आहे. चांदीसारखी दिसणारी, पण हलणारी, म्हणजे जीव असलेली. आपल्या रसशास्त्रात पारा आणि धातू औषधासाठी तयार करताना जी क्रिया करतात, तिला नाव "मारण" आहे. पाऱ्यात जीव आहे असं मानणारे लोक फक्त युरोपात नव्हते, एवढंच म्हणायचंय. क्विकसँड म्हणजे जिवंत वाळू, जी माणसाला ओढून घेते. क्विकलाइम म्हणजे आपला कळीचा चुना. पाणी ओतलं की फसफसतो, तापतो, अंगावर उडतो. मग त्याला जिवंत नाही म्हणायचं तर काय म्हणायचं? आणि काटेरी झाडांचं लावलेलं कुंपण असतं त्याला तिकडे क्विकसेट म्हणतात, म्हणजे जिवंत कुंपण. आपल्याकडे बांधावर शेर किंवा निवडुंग लावतात, तसं.

सगळ्यात जवळचं उदाहरण तर आपल्या बोटावर आहे. नख जास्त खोल कापलं गेलं की आत जो हळवा भाग लागतो, त्याला इंग्रजीत "द क्विक" म्हणतात. नख मेलेलं, त्याखालचं मांस जिवंत. त्यावरून कोणाचं बोलणं फार लागलं की "कट टू द क्विक" म्हणतात. आता मराठीत बघा. नखं काढताना आपण म्हणतो, जिव्हाळी लागली. आणि बोलणं लागलं की म्हणतो, जिव्हारी लागलं. मला वाटतं, यावर वेगळं भाष्य करायची गरजच नाही.

मग हा "जिवंत"चा "लवकर" झाला कसा?

एका रात्रीत नाही झाला. जिवंत वस्तू हलते. जास्त जिवंत वस्तू जास्त हलते. मग क्विक म्हणजे चैतन्य असलेला, मग चपळ, मग तल्लख, आणि तेराव्या शतकाच्या अखेरीकडे वेगवान. आपण तरी काय करतो? रस्त्यात कोणी हळू चालत असेल तर आई मागून ओरडते, "मेल्यासारखा काय चालतोयस!" हळू म्हणजे मेलेला, तर भरभर म्हणजे जिवंत. तेच लॉजिक.

पुढची काही शतकं दोन्ही अर्थ एकत्र नांदले. १५२६ मध्ये विल्यम टिंडेलने नव्या कराराचं इंग्रजी भाषांतर छापलं, १६११ मध्ये किंग जेम्स बायबल आलं. त्यात देव "क्विक आणि डेड" यांचा न्याय करील असं येतं, म्हणजे जिवंतांचा आणि मेलेल्यांचा. जुन्या करारात एके ठिकाणी जमीन दुभंगते आणि बंडखोर लोक "क्विक" खड्ड्यात जातात. आजच्या वाचकाला वाटतं पटकन गेले. नाही हो, जिवंतपणी गेले! हॅम्लेटमध्ये कबर खणणारा माणूस याच शब्दावर कोटी करतो. प्रेक्षकांना दोन्ही अर्थ ठाऊक असल्याशिवाय तिथे हशा मिळालाच नसता. १९९५ मध्ये "द क्विक अँड द डेड" नावाचा काउबॉय पिक्चर आला, शॅरन स्टोनचा. त्यात क्विक म्हणजे ज्याचं पिस्तूल आधी निघतं तो. तोपर्यंत शब्द पूर्ण उलटून गेला होता, आणि जुना अर्थ फक्त पोस्टरवरची गंमत म्हणून उरला होता.

जिवंत या अर्थाची जागा मग कोणी घेतली? "अलाइव्ह" ने. तो शब्द मुळात "ऑन लाइफ" असा दोन शब्दांचा होता, म्हणजे "जीवावर असलेला". घासून घासून अलाइव्ह झाला. आणि त्याचं पुढचं अक्षर गळून "लाइव्ह" झाला, जो आपण रोज स्ट्रीमिंगवर बघतो.

आता थोडं मागे जाऊ, कारण इथे मला खरा धक्का बसला.

२ फेब्रुवारी १७८६ रोजी कलकत्त्यात विल्यम जोन्स या न्यायाधीशाने एका भाषणात सांगितलं की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्यात इतकं साम्य आहे की त्या एकाच मूळ भाषेतून आल्या असाव्यात, आणि ती भाषा कदाचित आता अस्तित्वात नसेल. जर्मानिक भाषाही त्याच कुळातल्या असतील असं त्याचं म्हणणं होतं. १८२२ मध्ये याकोब ग्रिम याने, हो, परीकथावाल्या ग्रिम बंधूंपैकी थोरला, या कुळात आवाज कसे बदलत गेले याचे नियम मांडले. त्या नियमांनी क्विकची वंशावळ काढली तर मूळ आवाज होता साधारण "ग्व" सारखा. जर्मानिक भाषांत त्याचा झाला "क्व". लॅटिनमध्ये झाला "व", त्यातून व्हायटल, सर्व्हाइव्ह वगैरे शब्द आले. ग्रीकमध्ये एका रूपात झाला "ब", त्यातून बायोलॉजीतला बायो. फारसीत झाला "ज़", त्यातून जिंदा, जिंदगी, आणि आपलं जिंदाबाद.

आणि संस्कृतमध्ये झाला "ज". जीव.

म्हणजे क्विक आणि जीव हे एकाच आईच्या पोटचे. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा खुर्चीतून उठलो होतो, खोटं कशाला सांगू. "क्विक कॉमर्स" मधला क्विक आणि "जीव टाकतो मी तिच्यावर" मधला जीव, सख्खे भाऊ. फक्त एक कुंभमेळ्यात हरवला आणि धावायला लागला.

आता परत त्या कलमाकडे. "क्विक विथ चाइल्ड" म्हणजे नेमकं काय?

गर्भारपणात एक क्षण असतो, जेव्हा बाईला पहिल्यांदा आतून हालचाल जाणवते. साधारण सोळा ते वीस आठवड्यांच्या दरम्यान. कोणी म्हणतं बुडबुडे फुटल्यासारखं, कोणी म्हणतं फुलपाखरू फडफडल्यासारखं. इंग्रजीत याला "क्विकनिंग" म्हणतात, जिवंत होणं. गर्भ त्याच्या कितीतरी आधीपासून हलत असतो, पण तो इतका लहान असतो की आईला कळत नाही. हे आपल्याला आज सोनोग्राफीमुळे माहीत आहे. त्या काळी यंत्र नव्हतं. मूत्राची चाचणी नव्हती. पाळी चुकली याची दहा कारणं असू शकत होती. त्यामुळे बाई खरंच गर्भवती आहे हे खात्रीने कळण्याची पहिली वेळ म्हणजे ही हालचाल. आणि ती जगात एकाच व्यक्तीला कळायची, त्या बाईला.

हा मुद्दा जरा लक्षात ठेवा. शतकानुशतकं कायदा, धर्म आणि वैद्यक या तिघांना गर्भात जीव कधी येतो हे ठरवायचं होतं. अॅरिस्टॉटलने मुलगा असेल तर चाळीस दिवस आणि मुलगी असेल तर नव्वद दिवस असा आकडा दिला होता. मुलींना जिवंत व्हायलाही उशीर लावला बाबाने! इंग्लिश कायद्याने मात्र त्यातल्या त्यात व्यवहारी खूण धरली. विल्यम ब्लॅकस्टोन याने १७६५ पासून इंग्लिश कायद्यावर जो मोठा ग्रंथ लिहिला, त्यात तो सांगतो की कायद्याच्या दृष्टीने मूल पोटात हलायला लागलं की त्याचं जीवन सुरू होतं. आणि ते हललं हे सांगणार कोण? आई. म्हणजे इतर बाबतीत जिच्या शब्दाला कोर्टात फारशी किंमत नव्हती, तिच्याच सांगण्यावर हा सगळा डोलारा उभा.

अर्थात, तिच्यावर विश्वास ठेवला का? इथे गोष्ट गडद होते.

चौदाव्या शतकापासून इंग्लंडमध्ये एक पद्धत होती. एखाद्या बाईला फाशीची शिक्षा झाली की न्यायाधीश तिला विचारायचे, शिक्षा थांबवण्यासाठी काही सांगायचंय का? ती म्हणू शकायची, मी गर्भवती आहे. याला "पोटाची विनवणी" म्हणायचे. मग कोर्ट काय करायचं? दरवाजे बंद करून कोर्टात हजर असलेल्या विवाहित, अनुभवी बायकांमधून बारा जणींची ज्युरी नेमायचं. त्या त्या बाईला बाजूच्या खोलीत नेऊन तपासायच्या आणि बाहेर येऊन निकाल द्यायच्या. नुसती गर्भवती असून चालत नव्हतं. "क्विक" असली तरच फाशी पुढे ढकलली जायची. पोटातलं अजून हललं नाही? मग चढ फासावर.

जरा विचार करा. इंग्लंडमध्ये साध्या ज्युरीवर बसायचा हक्क बायकांना १९१९ च्या कायद्याने मिळाला. त्याआधीची कित्येक शतकं बायकांची एवढीच ज्युरी होती, आणि तिच्यापुढे एकच प्रश्न असायचा: ही क्विक आहे का? त्या बारा जणींनी हात ठेवून काय तपासलं असेल? सोळा आठवड्यांची हालचाल बाहेरून लागत नाही. म्हणजे शेवटी त्या त्या बाईच्या डोळ्यांत बघूनच ठरवत असणार. दया आली तर क्विक. फाशी ठरलेल्या कितीतरी बायका बाळंतपणानंतर माफी मिळून सुटल्या किंवा वसाहतींमध्ये पाठवल्या गेल्या, त्यामुळे हा एक शब्द म्हणजे त्यांच्यासाठी अक्षरशः जीवदान होता. पण त्यालाही मर्यादा होती. ब्लॅकस्टोन लिहितो की ही सवलत एकदाच. बाळंत होऊन ती परत गर्भवती राहिली तर दुसऱ्यांदा थांबायचं नाही.

नोव्हेंबर १७२० मध्ये जमैकात दोन बायकांवर चाचेगिरीचा खटला चालला, अॅन बॉनी आणि मेरी रीड. पायरेट्सवरचे पिक्चर आणि गेम ज्यांनी पाहिलेत त्यांना ही नावं माहीत असतील. दोघींना फाशी सुनावली गेली आणि लगेच दोघींनी सांगितलं, आम्ही क्विक विथ चाइल्ड आहोत, शिक्षा थांबवा. त्यांची फाशी थांबली. मेरी रीड पुढच्याच वर्षी तुरुंगात मेली. अॅन बॉनी इतिहासाच्या कागदांतून दिसेनाशी झाली.

हे झालं फाशी टाळण्याचं. दुसरी बाजू गर्भपाताची. जुन्या इंग्लिश कायद्यात हालचाल जाणवण्याआधीचा गर्भपात साधारणपणे गुन्हा धरला जात नसे. १८०३ मध्ये लॉर्ड एलनबरो या मुख्य न्यायाधीशाच्या पुढाकाराने कायदा आला. त्याने दोन्हीला गुन्हा ठरवलं, पण फरक ठेवला. क्विक असताना केला तर देहदंड, आधी केला तर त्याहून कमी शिक्षा. पुढच्या काळात डॉक्टरमंडळी या फरकावर तुटून पडली. त्यांचं म्हणणं, जीव हा सुरुवातीपासून असतो, हालचाल जाणवली म्हणून काही वेगळं घडत नाही, ही बायकांची जुनी समजूत आहे. वैद्यकीयदृष्ट्या मुद्दा बरोबर होता. पण त्याबरोबर एक गोष्ट गुपचूप घडली. गर्भाबद्दल बोलायचा अधिकार बाईकडून डॉक्टरकडे गेला. १८३७ मध्ये इंग्लंडने नवा कायदा करून क्विकचा फरकच काढून टाकला. देहदंडही गेला, आणि तो शब्दही गेला.

पण ज्युरीवाल्या पद्धतीत तो अजून होता. आणि १८३८ च्या एका खटल्यात, जिथे खुनासाठी फाशी झालेल्या बाईने पोटाची विनवणी केली होती, न्यायमूर्ती गर्नी यांनी एक भन्नाट गोष्ट सांगितली. ते म्हणाले, "क्विक विथ चाइल्ड" म्हणजे गर्भ राहिलेली, आणि "विथ क्विक चाइल्ड" म्हणजे जिच्या पोटातलं मूल हललंय अशी. दोन शब्दांची जागा बदलली की अर्थ बदलला! आम्हा प्रोग्रामरांना हे दुःख कळेल. दोन पॅरामीटरची अदलाबदल आणि सगळं आउटपुट उलटं. पण व्याकरण म्हणून बघितलं तर गर्नीसाहेबांचं म्हणणं मजेशीर आहे. पहिल्या रचनेत क्विक हे विशेषण मुलाचं नाहीच, ते बाईचं आहे. मुलामुळे ती जिवंत आहे. तिच्यात जास्तीचा जीव आहे.

आता मराठीत या. गर्भवती बाईला आपली आजी काय म्हणते? "तिला उचलायला लावू नकोस, दोन जीवांची आहे ती."

दोन जीवांची! तोच शब्द, तीच रचना. विशेषण बाईचं, जीव दोघांचा. सुश्रुतसंहितेत तर चौथ्या महिन्यात गर्भाचं हृदय प्रकट होतं म्हणून त्या बाईला "दौहृदिनी" म्हटलंय, दोन हृदयांची. तिला ज्या इच्छा होतात ते दौहृद, आणि त्यातूनच आपले डोहाळे. पुढच्या वेळी डोहाळजेवणात झोपाळ्यावर बसवून फोटो काढाल तेव्हा आठवा, आपण "टू-हार्टेड" पार्टीला आलोय.

तर इंग्लंडमधून १८३७ मध्ये हद्दपार झालेला फरक भारतात कसा आला? मेकॉलेच्या आयोगाने दंड संहितेचा पहिला मसुदा त्याच १८३७ मध्ये दिला होता. तो वीसेक वर्षं धूळ खात पडला. १८५७ नंतर घाईघाईने त्यावर हात फिरवून ६ ऑक्टोबर १८६० ला कायदा मंजूर झाला, आणि १ जानेवारी १८६२ पासून लागू झाला. त्यातलं कलम ३१२ म्हणजे आजचं कलम ८८. साध्या गर्भवतीसाठी तीन वर्षं, "क्विक विथ चाइल्ड" साठी सात. इंग्लंडने ज्याला कालबाह्य म्हणून डिलीट केलं, ते तेवीस वर्षांनी वसाहतीच्या कोडमध्ये कायम. आणि मजा म्हणजे क्विकची व्याख्या कायद्यात कुठेच दिलेली नाही. गर्नीसाहेबांचा अर्थ घेतला तर तीन वर्षांची बाई आणि सात वर्षांची बाई एकच ठरते. म्हणून आपल्याकडच्या भाष्यकारांनी जुना अर्थ धरला: जिला हालचाल जाणवली ती.

त्या कलमाला एक स्पष्टीकरण जोडलेलं आहे. जी बाई स्वतःच स्वतःचा गर्भपात करते, तीही या कलमाखाली येते. एकोणिसाव्या शतकातल्या मुंबई इलाख्यात याचा अर्थ काय होता? विधवेला पुनर्विवाह नाही, घरातल्याच कोणी जबरदस्ती केली तरी बोलायची सोय नाही, आणि दिवस राहिले तर एकीकडे समाज, दुसरीकडे हा कायदा. हललं त्याच्या आधी काही केलं तर तीन वर्षं, नंतर केलं तर सात, आणि मूल जन्मल्यावर मारलं तर खून. म्हणूनच १८६३ मध्ये जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, तिथे येऊन गुपचूप बाळंत व्हा म्हणून. १८८१ मध्ये सुरतच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला नवजात मूल मारल्याबद्दल फाशी सुनावली गेली. शिक्षा पुढे कमी झाली. त्या प्रकरणावर वर्तमानपत्रांत बायकांच्या चारित्र्यावर जे काही छापून आलं, ते वाचून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे भडकल्या आणि १८८२ मध्ये "स्त्रीपुरुषतुलना" आलं. अपराध दोघांचा आणि शिक्षा एकीलाच का, हा त्यांचा सवाल होता. दंड संहितेत त्या दुसऱ्यासाठी कुठलंही विशेषण नव्हतं.

पुढचं थोडक्यात सांगतो. इंग्लंडने १९३१ मध्ये कायदा करून गर्भवती बाईला फाशीच द्यायची नाही असं ठरवलं आणि बायकांची ती ज्युरी बंद केली. भारतात गर्भपाताच्या प्रश्नावर १९६४ मध्ये महाराष्ट्राचे तेव्हाचे आरोग्यमंत्री शांतिलाल शाह यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि त्यातून १९७१ चा वैद्यकीय गर्भपाताचा कायदा आला. त्यात क्विक नाही. त्यात आठवडे आहेत. २०२१ च्या दुरुस्तीनंतर वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत, आणि ठरावीक प्रकारच्या बायकांसाठी वीस ते चोवीस आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांचं. पण हे लक्षात घ्या, १९७१ च्या कायद्याने जुनं कलम रद्द केलं नाही. त्याने फक्त म्हटलं की या अटी पाळल्या तर डॉक्टर त्या कलमाखाली दोषी नाही. म्हणजे मूळ फंक्शन तसंच, वर एक अपवाद हँडल केलेला. अटींच्या बाहेर पाय पडला की खाली तो १८६० चा कोड अजून चालू आहे. आणि २०२३ मध्ये सगळी संहिता नव्याने लिहिली तेव्हा कलमाचा नंबर बदलला, क्विक तसाच राहिला. कोड रिव्ह्यूमध्ये कोणी विचारलं असतं तर, "हे व्हेरिएबल काय आहे?" "माहीत नाही, आधीपासून आहे, हात लावू नको."

माझं मत विचाराल तर, हे व्हेरिएबल काढायलाच हवं. जी गोष्ट एका बाईच्या आतल्या जाणिवेवर ठरते, तिच्यावरून तिलाच चार वर्षं जास्त द्यायची, हे मला पटत नाही. हललं की नाही हे फक्त तिला माहीत, आणि तिने खरं सांगितलं तर शिक्षा वाढणार. कोणता साक्षीदार असं सांगेल?

तुम्ही वेगळं म्हणत असाल तर व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या एपिसोडमध्ये लावतो.

मागच्या महिन्यात ताईचा फोन आला होता. एकोणिसावा आठवडा चालू होता तिचा. फोनमधल्या अॅपने दोन आठवडे आधीच सांगून ठेवलं होतं, "आता तुम्हाला हालचाल जाणवेल." हिला काहीच जाणवत नव्हतं, म्हणून वैतागली होती. डॉक्टर म्हणाले, सोनोग्राफी उत्तम आहे, काळजी करू नका. तरी ही वैतागलेलीच. आणि मग एका रात्री साडेबाराला मेसेज: "हललं!!" मी तेव्हा हाच एपिसोड लिहीत बसलो होतो. मी तिला उत्तरात लिहिलं, "अभिनंदन, तू क्विक झालीस." तिने विचारलं, झोप येत नाहीये का तुला.

जाता जाता एक शेवटची गोष्ट. जुन्या दंड संहितेचं सरकारी हिंदी भाषांतर मी शोधून काढलं, क्विकला काय म्हटलंय ते बघायला. त्या भाषांतरकाराची कमाल आहे. कलम ३१२ मध्ये बाई क्विक आहे, तिथे त्याने शब्द घातलाय "स्पंदनगर्भा". म्हणजे हालचालीचा अर्थ घेतला. आणि कलम ३१६ मध्ये, जिथे पोटातलं मूल क्विक आहे, तिथे त्याने लिहिलंय "सजीव".

त्याला माहीत होतं की नाही देव जाणे, पण क्विकच्या जागी त्याने क्विकच्याच भावाला बसवलं होतं.

भेटू पुढच्या रविवारी.